पांढरे ठिपके गेल्यानंतरचे अडीच महिने: सागरी टँकमधील परजीवी, उपचार आणि विलगीकरण

खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये नवा सर्जनफिश सोडल्यावर आठवड्याभरात त्याच्या अंगावर आणि परांवर मिठाचे बारीक कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके दिसू लागतात, मालक घाबरून दुकानदाराला फोन करतो, दुकानदार एखादी बाटली सुचवतो, ती टँकमध्ये ओतली जाते आणि चार-पाच दिवसांत ठिपके खरोखरच नाहीसे होतात. औषध लागू पडले असे सर्वांनाच वाटते. प्रत्यक्षात त्या बाटलीत नुसते पाणी असते तरीही ठिपके त्याच सुमारास गेले असते, कारण परजीवीने माशाला सोडून टँकच्या तळाशी जाण्याची वेळ झालेली असते. पुढच्या एक-दोन आठवड्यांत तो अनेक पटींनी वाढून परत येतो आणि या दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीत मासे मरतात. म्हणून या रोगाशी लढताना कोणते औषध घ्यावे या प्रश्नाआधी परजीवी कोणत्या दिवशी कुठे असतो हे समजून घ्यावे लागते. उपचाराचे वेळापत्रक तोच ठरवतो.

ठिपक्यांचा रोग घडवणारा क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हा एकपेशीय परजीवी माशाच्या वरच्या त्वचेत शिरून साधारण ३ ते ७ दिवस तिथेच पोसला जातो. डोळ्यांना दिसणारा ठिपका म्हणजे तो परजीवी आणि त्याच्याभोवती सुजलेली त्वचा, आणि या आवरणामुळेच पाण्यातील औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पोट भरल्यावर तो बहुधा रात्रीच्या अंधारात मासा सोडतो, काही तास तळावर सरपटतो आणि वाळू, खडक, काच किंवा पाइप असा जो पृष्ठभाग मिळेल त्याला चिकटून स्वतःभोवती कठीण कवच तयार करतो. या कोशात त्याचे विभाजन होऊन एकापासून दोनशेपर्यंत पिल्ले तयार होऊ शकतात. कोश फुटण्याचा काळ मात्र ठरलेला नसतो: बरेचसे कोश आठवड्याभरात फुटतात, काही तीन दिवस पूर्ण होताच फुटतात, आणि प्रयोगशाळेतील निरीक्षणांत काही कोश तब्बल ७२ दिवसांनी फुटलेले आढळले आहेत. बाहेर पडलेल्या पोहणाऱ्या पिल्लांना पहिल्या काही तासांतच मासा शोधावा लागतो आणि एक-दोन दिवसांत तो न मिळाल्यास ती मरतात.

या चक्रातून पुढची सगळी पद्धत निघते. तांब्याचा मार फक्त पोहणाऱ्या अवस्थेवर बसतो; त्वचेतील परजीवी आणि कवचातील कोश या दोघांनाही ते बहुतांशी लागत नाही. त्यामुळे उपचार सुरू केल्यावर पहिला आठवडाभर ठिपके दिसत राहिले म्हणून मात्रा वाढवू नये आणि ते गेले म्हणून उपचार थांबवू नये. दुसरी गोष्ट अशी की टँकमध्ये एकही मासा नसेल तर परजीवीला पुढची पिढी निर्माण करता येत नाही. औषध माशाला द्यायचे आणि टँकला द्यायचे ते रिकामेपण. मुख्य टँकमध्ये औषध ओतण्याचा सल्ला देणाऱ्याला ही विभागणी समजलेली नसते, कारण तांबे खडकात आणि प्रवाळाच्या वाळूत शोषले जाऊन मात्रा टिकत नाही, आणि जेवढी टिकते तेवढीही कोळंबी, गोगलगाय, अ‍ॅनिमोन आणि प्रवाळ यांना मारण्यास पुरेशी असते.

आधी परजीवी ओळखावा

प्रत्येक पांढरा डाग हा ठिपक्यांचा रोग नसतो, आणि चुकीच्या ओळखीची सर्वांत मोठी किंमत मखमली रोगात मोजावी लागते. अमायलूडिनियम ओसेलाटम या परजीवीमुळे होणाऱ्या या रोगाला हौशी मंडळी ‘व्हेलव्हेट’ म्हणतात. तो बहुतेक वेळा कल्ल्यांपासून सुरू होतो आणि अंगावर काही दिसण्याआधीच मासा गुदमरू लागतो. धापा टाकणे, पॉवरहेडच्या (पाणी खेळवणाऱ्या छोट्या पंपाच्या) प्रवाहात तोंड धरून एकाच जागी पोहत राहणे, उजेडापासून लपणे आणि काल खाणाऱ्या माशाने आज अन्नाकडे पाठ फिरवणे ही चार लक्षणे एकत्र दिसली तर ठिपक्यांची वाट पाहू नये. खोलीतले दिवे मालवून टॉर्चचा उजेड तिरका टाकल्यास अंगावर पिठूळ, कधी सोनेरी झाक असलेली भुकटी दिसते. हे कण इतके बारीक असतात की ते मोजता येत नाहीत, तर क्रिप्टोकॅरिऑनचे ठिपके साधारणपणे मोजता येतात. व्हेलव्हेटचा एक कोश २५६ पर्यंत पिल्ले सोडू शकतो आणि ती पिल्ले माशाविना अनेक दिवस तग धरतात. या रोगात दोन-तीन दिवसांत संपूर्ण टँक मरू शकतो, म्हणून शंका आली तरी तो व्हेलव्हेट आहे असे धरूनच वागणे शहाणपणाचे असते.

क्लाऊनफिशच्या बाबतीत ब्रूकलिनेला हॉस्टायलिस या तिसऱ्या परजीवीचा विचार आधी करावा. यात ठिपके नसतात. अंगावर दाट, पांढुरका चिकट स्राव साचतो, त्वचा पापुद्र्यासारखी सुटू लागते आणि रंग फिका पडतो. हा परजीवी माशाच्या अंगावरच दुभंगून वाढतो, त्याला कोशाची अवस्था नसते, आणि तांब्याचा त्याच्यावर भरवशाचा परिणाम होत नाही. समुद्रातून पकडून आणलेल्या क्लाऊनफिशमध्ये तो जास्त आढळतो. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाऊनफिशच्या प्रजननाचे तंत्र विकसित केल्यानंतर भारतात पैदास केलेले मासे मिळू लागले आहेत, आणि शक्य असेल तिथे तेच घ्यावेत. मात्र असा मासा दुकानात समुद्रातून आलेल्या माशांच्याच पाण्यात ठेवलेला असेल तर त्याचा हा फायदा उरत नाही.

चपटे कृमी, म्हणजे फ्ल्यूक, पारदर्शक असल्यामुळे दिसत नाहीत. मासा खडकाला अंग घासतो, डोके झटकतो, एका कल्ल्याने श्वास घेतो किंवा त्याचे डोळे धुरकट होतात. गोड्या पाण्यात पाच मिनिटे बुडवल्यावर हे कृमी पांढरे पडून भांड्याच्या तळाशी गळतात, त्यामुळे निदान आणि थोडा आराम दोन्ही एकाच वेळी साधतात. क्रोमिस माशांच्या अंगावर लालसर जखमा दिसल्यास युरोनिमाची शंका घ्यावी. तो माशाविनाही सेंद्रिय गाळावर जगतो, त्याच्यासाठी टँक रिकामा ठेवून काही साधत नाही आणि लालसर जखमा दिसू लागेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

ज्यांच्याकडे शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा साधा सूक्ष्मदर्शक आहे त्यांनी नुकत्याच मेलेल्या माशाच्या कल्ल्याचा छोटा तुकडा खाऱ्या पाण्याच्या थेंबात १०० पट मोठा करून जरूर पाहावा. क्रिप्टोकॅरिऑन स्वतःभोवती संथपणे फिरताना दिसतो, व्हेलव्हेटचे गोल किंवा पेरूच्या आकाराचे दाणे हलत नाहीत. तासाभराच्या आत पाहिले नाही तर परजीवी निघून जातात आणि तपासणी निरर्थक ठरते.

रोग दिसला त्या दिवशी

सर्वप्रथम हवा वाढवावी. कल्ल्यांना इजा झालेल्या माशाला प्राणवायू कमी पडतो आणि मुंबई-कोकणच्या एप्रिल-मे महिन्यांत पाणी ३० अंशांच्या वर गेले तर तो पाण्यातच कमी विरघळलेला असतो. एअर पंप लावावा, पॉवरहेड पृष्ठभागाकडे वळवावा, वीज जाण्याची शक्यता असेल तिथे बॅटरीवर चालणारा पंप हाताशी ठेवावा. तापमान मुद्दाम वाढवू नये. गोड्या पाण्यातील ठिपक्यांच्या रोगासाठी सांगितला जाणारा तो उपाय इथे लागू होत नाही, कारण हा परजीवीच वेगळा आहे.

त्यानंतर सर्व मासे, म्हणजे ज्यांच्या अंगावर काहीही दिसत नाही तेसुद्धा, मुख्य टँकमधून काढावे लागतात. निरोगी दिसणारा मासा कल्ल्यांत परजीवी बाळगून असू शकतो, आणि एक मासा जरी मागे राहिला तरी टँकच्या रिकामेपणाची मोजणी सुरूच होत नाही. खडक बाहेर काढून खाऱ्या पाण्याच्या टबमध्ये ठेवल्याशिवाय मासे हाती लागत नाहीत हे स्वीकारलेले बरे. जाळी घेऊन तासभर पाठलाग करण्याने मासा जेवढा खचतो तेवढा खडक हलवण्याने खचत नाही. रॅस जातीचे अनेक मासे रात्री वाळूत शिरून झोपतात, म्हणून त्यांना दिवसा पकडावे.

व्हेलव्हेट किंवा ब्रूकलिनेलाचा मासा धापा टाकत असेल तर त्याला गोड्या पाण्याचा छोटा डुंबा देता येतो. आरओचे पाणी टँकच्या तापमानाला आणावे, त्यात खाण्याचा सोडा चिमूटचिमूट घालून सामू ८.२ च्या आसपास आणावा, अर्धा तास हवा सोडावी आणि मासा ३ ते ५ मिनिटे त्यात ठेवावा. सुरुवातीला तो आडवा पडला तरी बहुधा सावरतो; पूर्ण निपचित झाला तर लगेच काढावे. हा डुंबा म्हणजे उपचार नव्हे. त्याने काही परजीवी गळतात आणि खऱ्या उपचारासाठी थोडा वेळ मिळतो, इतकेच.

उपचाराचा टँक

उपचाराचा टँक रोग येण्याआधी तयार असावा हे सर्वांना पटते, पण तो फारच थोड्यांच्या घरी तयार असतो. लहान माशांसाठी ५० ते ८० लिटरचा काचेचा टँक पुरतो, सर्जनफिश किंवा एंजलफिशसाठी १५० लिटर तरी हवा. त्यात वाळू नको, खडक नको, शंखशिंपले नकोत. लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि कोपर ठेवावेत. वर झाकण किंवा जाळी असावी, कारण घाबरलेला मासा उडी मारतो. गाळणीसाठी स्पंज फिल्टर घ्यावा आणि त्याचा एक स्पंज मुख्य टँकच्या सम्पमध्ये (गाळणीच्या जोडटाकीत) कायम पडलेला असावा, म्हणजे गरज पडेल तेव्हा त्यात नायट्रीकरण करणारे जिवाणू वसलेले असतील. मुख्य टँकमध्येच साथ सुरू झाली असेल तर तो स्पंज तांब्याच्या उपचारात वापरायला हरकत नाही, पण पुढे सांगितलेल्या टब बदलण्याच्या पद्धतीत तो अजिबात वापरू नये, कारण त्यात कोश असू शकतात.

या टँकमधील माशांना परजीवीइतकाच धोका अमोनियाचा असतो. अमोनिया दाखवणारी पट्टी किंवा बिल्ला काचेला लावून ठेवावा, उरलेले अन्न लगेच नळीने ओढून काढावे आणि रंग बदलला की पाणी बदलावे. जाळी, बादली, नळी, टॉवेल हे सर्व वेगळे ठेवावे, आणि दोन टँकमध्ये शक्य तर तीन मीटर अंतर राखावे. एअर स्टोनच्या फुटणाऱ्या बुडबुड्यांतून उडणाऱ्या तुषारांतूनही व्हेलव्हेट पसरू शकतो. मुंबईच्या फ्लॅटमध्ये तीन मीटर मोकळी जागा हे ऐश्वर्य आहे. दुसरी खोली, किंवा ऊन न येणारी बंदिस्त गॅलरी, हा त्यावरचा व्यवहार्य मार्ग.

तांबे

क्रिप्टोकॅरिऑन आणि व्हेलव्हेट या दोन्हींवर चालणारे आणि मात्रा मोजता येणारे औषध म्हणून तांबे अजूनही पहिल्या क्रमांकावर आहे. मात्र बाजारात मिळणाऱ्या तांब्याच्या औषधांची मात्रा एकसारखी नसते आणि इथेच सर्वाधिक मासे मारले जातात. कॉपर पॉवरसारख्या बांधलेल्या (दुसऱ्या रसायनाशी जोडून ठेवलेल्या) तांब्याची उपचारक पातळी २.२५ ते २.५ पीपीएम (दर लिटरला मिलिग्रॅम) असते, तर क्युप्रामाइनची ०.५ पीपीएम. एकाचा आकडा दुसऱ्याला लावला तर एक तर मासा मरतो किंवा परजीवी जिवंत राहतो. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणासाठी वापरतात ते मोरचूद स्वस्त असले आणि जुन्या पुस्तकांत त्याची कृती सापडत असली तरी घरी ते वापरू नये. त्याची उपचारक पातळी ०.१५ ते ०.२० पीपीएम इतक्या अरुंद पट्ट्यात असते आणि खाऱ्या पाण्यात ते भराभर खाली बसते.

बांधलेल्या तांब्यासाठी हॅना कंपनीचा जास्त पातळी मोजणारा डिजिटल तपासनीस घ्यावा. रंग डोळ्यांनी जुळवण्याच्या संचावर २.० आणि २.५ यांतला फरक कळत नाही, आणि उपचाराचे सगळे यश त्या फरकावर अवलंबून असते. पातळी दोन दिवसांत हळूहळू चढवावी, म्हणजे माशाची भूक टिकते; व्हेलव्हेट असेल तर मात्र इतकी सवड नसते आणि एका दिवसात पोहोचावे लागते. हिशेब सोपा आहे. टँकमध्ये प्रत्यक्ष पाणी ६० लिटर असेल आणि २.५ पीपीएम हवे असेल तर एकूण १५० मिलिग्रॅम तांबे लागते; बाटलीवर दर मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम आहे ते पाहून मात्रा काढावी. नंतर २० लिटर पाणी बदलले तर नव्या पाण्यात आधीच ५० मिलिग्रॅम तांबे मिसळून मगच ते ओतावे.

उपचारक पातळी गाठल्या दिवसापासून सलग ३० दिवस मोजावेत. मध्ये एकदा जरी पातळी खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते, आणि हे कठोर वाटले तरी त्यात सूट घेऊ नये, कारण नेमक्या त्याच तासांत कोश फुटून पिल्ले माशात शिरलेली असू शकतात. दुसरा स्वच्छ, कोरडा टँक पुरेशा अंतरावर उपलब्ध असेल तर पूर्ण पातळीत १४ दिवस काढून मासा तिकडे हलवणे हा वेळ वाचवणारा पर्याय आहे. तोवर अंगावरचे परजीवी गळून पडलेले असतात आणि कोश जुन्या टँकमध्येच राहतात.

तांबे चालू असताना क्लोरीन काढणारी किंवा अमोनिया बांधणारी द्रावणे त्याच पाण्यात टाकू नयेत, कारण त्यांतील अनेक रसायने तांब्याचे अधिक विषारी रूप तयार करतात. नगरपालिकेच्या पाण्यातला क्लोरीन आरओने किंवा आदल्या दिवशी वेगळ्या पिंपात काढून घ्यावा. कार्बनची गाळणी आणि प्रोटीन स्किमर (फेसातून मळ काढणारे यंत्र) बंद ठेवावेत. तांबे आणि कमी क्षारता हे दोन्ही उपाय एकाच वेळी करू नयेत. मँडरिन, पफर आणि लायनफिश यांना तांबे सोसत नाही असे धरून त्यांच्यासाठी पुढचा मार्ग निवडावा.

टब बदलण्याची पद्धत

रोग नक्की क्रिप्टोकॅरिऑनचाच असेल तर औषधाचा एक थेंबही न वापरता तो संपवता येतो. इस्रायलमधील एलात येथील संशोधक अँजेलो कोलोर्नी यांनी १९८०च्या दशकात मांडलेल्या कल्पनेवर ही पद्धत उभी आहे, आणि माझ्या मते भारतातील हौशी व्यक्तीसाठी ती तांब्यापेक्षाही उजवी आहे, कारण तिला महाग तपासनीस लागत नाही. दोन प्लॅस्टिकचे टब, दोन एअर स्टोन आणि मीठ एवढ्यावर काम भागते. परजीवी माशावरून उतरल्यावर त्याचा कोश तीन दिवसांच्या आत फुटत नाही. म्हणून मासा दर तिसऱ्या दिवशी, ७२ तास पूर्ण होण्याआधी, नव्या पाण्याच्या कोरड्या टबमध्ये हलवला की उतरलेले परजीवी मागेच राहतात. पहिल्या दिवशी पहिला टब, मग चौथ्या, सातव्या, दहाव्या आणि तेराव्या दिवशी बदल, असे चार बदल झाल्यावर माशाच्या अंगावर काही उरत नाही.

या पद्धतीचे यश बारकाव्यांवर अवलंबून आहे. नवे पाणी तापमान आणि क्षारता यांत तंतोतंत जुळलेले असावे, म्हणजे मासा थेट सोडता येतो. मासा प्लॅस्टिकच्या चाळणीत घेऊन निथळून हलवावा आणि त्याच्याबरोबर जुने पाणी शक्य तितके कमी जावे. जुन्या टबमधला पाइप, एअर स्टोन, हीटर, थर्मामीटर यांपैकी काहीही नव्या टबमध्ये जाता कामा नये. प्रत्येक टबचा संच वेगळा असावा. रिकामा टब धुऊन किमान एक दिवस खडखडीत वाळवावा. आपल्याकडचे ऊन इथे कामी येते, पण पावसाळ्यात वस्तू वरून कोरडी दिसली तरी नळीच्या आत ओल राहते, म्हणून जून ते सप्टेंबरमध्ये आधी ब्लीचच्या सौम्य पाण्यात बुडवून, धुऊन मग पंख्याखाली वाळवावे. पाणी दर तीन दिवसांनी नवे असल्यामुळे जिवाणूंच्या गाळणीची गरज पडत नाही, आणि तांबे नसल्यामुळे अमोनिया बांधणारे द्रावण वापरता येते. ४० लिटरच्या टबला एका वेळी १.४ किलोच्या आसपास मीठ लागते, म्हणजे पाच वेळा भरण्यासाठी सुमारे ७ किलो.

व्हेलव्हेट, ब्रूकलिनेला आणि कृमी यांवर ही पद्धत चालत नाही. ओळखीबद्दल शंका असेल तर तांब्याकडेच वळावे.

बाकीचे उपाय

क्षारता विशिष्ट गुरुत्व १.००९ पर्यंत उतरवून ३० दिवस ठेवणे हाही क्रिप्टोकॅरिऑनवरचा जुना उपाय आहे. त्यात रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजण्याचे उपकरण) अचूक असावा लागतो, कारण १.०११ वर परजीवी तग धरू शकतो, आणि लहान टँकमधून पंख्याच्या वाऱ्याने पाणी उडाले की क्षारता दुपारपर्यंत वर सरकते. दिवसातून दोनदा आरओचे पाणी घालून ती खाली आणावी लागते. काही ठिकाणचे परजीवी कमी क्षारता सोसतात असेही आढळले आहे, आणि व्हेलव्हेटला तर तिचे काहीच वाटत नाही. माझ्या दृष्टीने हा तिसऱ्या क्रमांकाचा उपाय आहे.

ब्रूकलिनेलासाठी फॉर्मलिनचा डुंबा द्यावा लागतो. ३७ टक्क्यांच्या फॉर्मलिनचे ०.१५ मिलिलिटर दर लिटर खाऱ्या पाण्यात, जोरदार हवा सोडून, ३० ते ४५ मिनिटे, आणि त्यानंतर मासा स्वच्छ, वेगळ्या टँकमध्ये. एक दिवसाआड आणखी दोन वेळा. उष्ण पाण्यात फॉर्मलिन अधिक विषारी ठरते, म्हणून मात्रा यापेक्षा वाढवू नये. बाटलीच्या तळाशी पांढरा साका दिसला तर ती टाकून द्यावी. हे रसायन कर्करोगकारक आहे: हातमोजे, चष्मा आणि उघड्या खिडक्या यांशिवाय झाकण काढू नये आणि घरात लहान मुले असतील तर ते घरात ठेवूच नये.

कृमींसाठी प्राझिक्वांटेल २.५ मिलिग्रॅम दर लिटरला द्यावे आणि सात दिवसांनी पुन्हा द्यावे. पहिली मात्रा अंड्यांना मारत नाही, दुसरी मात्रा त्यांतून निघालेल्या पिल्लांसाठी असते.

लसणाचा अर्क, ‘रीफ सेफ’ लिहिलेल्या बाटल्या आणि सफाई करणारी कोळंबी यांनी मुख्य टँकमधला परजीवी संपत नाही. लसणाने एखादा मासा खायला लागला तर चांगलेच आहे, अतिनील दिव्याने पोहणाऱ्या पिल्लांची संख्या थोडी घटतेही. परंतु घट म्हणजे निर्मूलन नव्हे, आणि अशा टँकमध्ये वाचलेल्या माशांना काही महिने अंशतः प्रतिकारशक्ती लाभते, ते निरोगी दिसतात आणि पुढचा नवा मासा आला की पहिला तोच आजारी पडतो.

रिकामा मुख्य टँक

शेवटचा मासा बाहेर काढला त्या दिवसापासून ७६ दिवस मोजावेत. ७२ दिवसांचा कोश फुटून त्यातील पिल्ले उपाशी मरण्यासाठी वरचे चार दिवस आहेत, आणि या काळात व्हेलव्हेटही संपतो. तापमान २६-२७ अंशांवर ठेवावे. थंड पाण्यात कोश रेंगाळतात. कोळंबी, खेकडे आणि गोगलगायी तशाच राहू शकतात, त्यांच्यावर हे परजीवी पोसले जात नाहीत. जिवाणू उपाशी राहू नयेत म्हणून दोन-तीन दिवसांतून एकदा चिमूटभर अन्न टाकावे आणि पाणी नेहमीसारखे बदलत राहावे. मात्र दुसऱ्या टँकमधून कोणतीही ओली वस्तू आत आणू नये. मित्राने दिलेली गोगलगाय किंवा प्रवाळाचा तुकडा यांच्या पृष्ठभागावर कोश असू शकतो. तेही मासे नसलेल्या टबमध्ये तितकेच दिवस ठेवावे लागतात.

नव्या माशाचे विलगीकरण

हे सगळे टाळण्याचा मार्ग म्हणजे प्रत्येक नवा मासा, मग तो कितीही निरोगी दिसो, आधी वेगळ्या टँकमध्ये ठेवणे. मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात किंवा क्रॉफर्ड मार्केटजवळ मासा निवडताना तो आपल्यासमोर खातो का हे पाहावे, श्वासाचा वेग शेजारच्या माशांशी ताडून पाहावा आणि त्याच रांगेतील इतर टँकमध्ये मेलेले मासे आहेत का हे नजरेखालून घालावे, कारण रांगेतले टँक बहुधा एकाच पाण्यावर चालतात. अनेक दुकानांत क्षारता मुद्दाम कमी किंवा पाण्यात थोडे तांबे ठेवलेले असते, त्यामुळे लक्षणे दबतात आणि घरी आल्यावर आठ-दहा दिवसांनी उफाळतात. म्हणून पिशवीतल्या पाण्याची क्षारता मोजून विलगीकरणाचा टँक आधी तिच्याशी जुळवावा आणि मग काही दिवसांत ती १.०२५ वर आणावी. लांबून आलेली पिशवी उघडल्यावर थेंब-थेंब पाणी सोडत तासभर बसू नये. पिशवी उघडताच सामू चढतो आणि साचलेला अमोनिया विषारी होतो. तापमान जुळले की मासा चाळणीतून टँकमध्ये घ्यावा आणि पिशवीतले पाणी मोरीत ओतावे.

पहिले तीन-चार दिवस त्याला शांतपणे खाऊ द्यावे. खाऱ्या पाण्यातील आर्टेमिया, मायसिस, बारीक चिरलेली ताजी कोळंबी आणि सर्जनफिशसाठी नोरी (वाळवलेले समुद्री शेवाळ) हे सर्व करून पाहावे, कारण न खाणाऱ्या माशाला तांबे सोसत नाही. त्यानंतर तांब्याचे ३० दिवस, मग कार्बन आणि पाणीबदल करून तांबे काढणे, मग आठवड्याच्या अंतराने प्राझिक्वांटेलच्या दोन मात्रा आणि शेवटी दोन आठवडे औषधाविना निरीक्षण, असा साधारण दोन महिन्यांचा क्रम होतो. लक्षद्वीप आणि मालदीवच्या समुद्रातून येणारा पावडर ब्लू टँग ठिपक्यांच्या रोगासाठी इतका बदनाम आहे की हा पूर्ण क्रम पाळण्याची तयारी नसेल तर तो विकत घेऊच नये.

उपचाराचे पाणी घरच्या सांडपाण्याच्या नाल्यातच सोडावे, पावसाच्या गटारात किंवा खाडीत नव्हे. ज्या टँकमध्ये तांबे वापरले त्याच्या सिलिकॉनमध्ये ते मुरते, त्यामुळे तो पुढेही माशांपुरताच ठेवावा. कोळंबी किंवा प्रवाळासाठी वापरू नये. ७६ दिवस संपल्यावर मासे मुख्य टँकमध्ये परत नेताना सर्वांत शांत मासे आधी आणि सर्जनफिश सर्वांत शेवटी सोडावेत, दोन जथ्यांमध्ये काही दिवसांचे अंतर ठेवावे आणि उपचाराच्या टँकमधले पाणी त्यांच्याबरोबर मुख्य टँकमध्ये जाऊ देऊ नये.